या वळणावर किती वेग चालेल? त्रिज्येवरून वेग काढण्याचं बीजगणित

वळणाच्या अलीकडे पाटी असते, तिच्यावर ४० लिहिलेलं असतं. ४० च का? ३० का नाही, ५० का नाही? काही ठिकाणी त्या आकड्यामागे गणित असतं, काही ठिकाणी वळणावर प्रत्यक्ष गाडी चालवून घेतलेली मोजणी असते, आणि बऱ्याचदा दोन्ही. मोजणीचं राहू द्या. गणित मात्र कुणालाही घरी बसून करता येतं. त्याला लागणारं बीजगणित शाळेतलंच आहे: बाजू बदलणं, वर्ग, वर्गमूळ आणि शेवटी एक वर्गसमीकरण.

आधीच सांगून ठेवतो, यातलं समीकरण सोपं आहे. घोळ होतो तो त्यात घर्षणाचा कोणता आकडा घालायचा इथे. म्हणून लेखाचा बराचसा भाग त्या एका आकड्यावर जाणार आहे.

समीकरण कुठून येतं

चालत्या गाडीला सरळच जायचं असतं. तिला वळवायचं तर वळणाच्या आतल्या बाजूला सतत ओढणारं बल लागतं. गाडीचं वस्तुमान म, वेग व (मीटर प्रति सेकंद) आणि वळणाची त्रिज्या त (मीटर) असेल, तर हे अभिकेंद्री बल

म × व² ÷ त

इतकं असावं लागतं. सपाट रस्त्यावर ते कोण देतं? फक्त टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. आणि घर्षणाला मर्यादा आहे: जास्तीत जास्त घ × म × ग. यात घ म्हणजे घर्षणांक (टायर रस्त्याला किती पकडून राहतो ते सांगणारा आकडा) आणि ग म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८१. गाडी घसरण्याच्या अगदी काठावर असते तेव्हा लागणारं बल आणि मिळू शकणारं बल सारखं होतं:

म × व² ÷ त = घ × म × ग

दोन्ही बाजूंना म आहे, तो गेला. दोन्ही बाजूंना त ने गुणलं की

व² = घ × ग × त

वस्तुमान असं उडून जातं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. जड गाडी जास्त घसरेल असं वाटतं. जड गाडीला वळवायला जास्त बल लागतं हे खरंच, पण तिचा भार रस्त्यावर तितकाच जास्त पडतो, म्हणून घर्षणही त्याच प्रमाणात जास्त मिळतं. घसरण्यापुरतं बोलायचं तर हिशेब बरोबरीत सुटतो. (उलटण्याचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे येईल.)

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. वेगात गाडी 'बाहेर फेकली जाते' असं आपण म्हणतो, पण तिला बाहेर ढकलणारं कुणी नसतं. घर्षण अपुरं पडलं की गाडी वळायची थांबते आणि सरळ जायला लागते. रस्ता तिच्याखालून निघून जातो, इतकंच.

किलोमीटरमध्ये आणताना

स्पीडोमीटर ताशी किलोमीटर दाखवतो. तो वेग क म्हणू. क = ३.६ × व, म्हणून व = क ÷ ३.६. हे वरच्या समीकरणात घालायचं:

क² ÷ १२.९६ = ९.८१ × घ × त
क² = १२७ × घ × त

१२.९६ गुणिले ९.८१ म्हणजे १२७.१४, व्यवहारात १२७. या विषयाच्या पुस्तकांत सगळीकडे भेटणारा १२७ तो हाच. सगळ्यात जास्त चुका इथे होतात: ३.६ चा वर्ग करायचा राहून जातो आणि १२७ च्या जागी ३५ येतात. १०० मीटर त्रिज्येच्या ऐसपैस वळणावर उत्तर ताशी २३ किलोमीटर आलं, तर घर्षणाला बोल लावण्याआधी हा वर्ग तपासा.

रस्ता कलता असेल तर

वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात. इंजिनिअर त्याला सुपरएलेव्हेशन म्हणतात, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बँकिंग. हा आडवा उतार उ ने दाखवू. रुंदीच्या दर मीटरला ७ सेंटिमीटर चढ असेल तर उ = ०.०७. रस्ता कलला की त्याची प्रतिक्रियाही थोडी आतल्या बाजूला झुकते आणि घर्षणाचा काही बोजा हलका होतो. आडव्या आणि उभ्या दिशेची बलं वेगवेगळी मांडून एकाला दुसऱ्याने भागलं की हे मिळतं:

व² ÷ (ग × त) = (उ + घ) ÷ (१ − उ × घ)

छेदातला गुणाकार किती मोठा आहे ते पाहा. उ = ०.०७ आणि घ = ०.१५ घेतले तर तो ०.०१०५, म्हणजे छेद ०.९८९५. जवळपास १ च. म्हणून तो सोडून देतात आणि कामाचं समीकरण उरतं:

क² = १२७ × त × (उ + घ)

छेद सोडल्याने वेग किंचित कमी येतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला पडते. अशी चूक खुशाल करावी.

पहिलं उदाहरण, दोन्ही बाजूंनी

त = १०० मीटर, उ = ०.०७, घ = ०.१५.

क² = १२७ × १०० × ०.२२ = २७९४
क = √२७९४ = ५२.९

पाचाच्या पटीत आणायचं, तेही खालच्या, वरच्या नाही. पाटीवर ५० येईल.

आता उलट प्रश्न. ताशी ८० साठी वळण केवढं हवं? समीकरणात त एकटा करायचा:

त = क² ÷ (१२७ × (उ + घ)) = ६४०० ÷ २७.९४ = २२९ मीटर

वेग ५३ वरून ८० वर गेला, म्हणजे दीडपट. त्रिज्या मात्र १०० वरून २२९ झाली, सव्वादोनपटीहून जास्त. वर्गाचा हा स्वभाव हातात मुरावा म्हणून तेच उ आणि घ ठेवून आणखी काही त्रिज्या:

२५ मीटर: ताशी २६.४ किमी
५० मीटर: ३७.४
१०० मीटर: ५२.९
२०० मीटर: ७४.८
४०० मीटर: १०५.७

यादीत एक ओळ सोडून एक वाचा: २५, १००, ४००. त्रिज्या दर वेळी चौपट होते आणि वेग जेमतेम दुप्पट. चालकाच्या बाजूने हेच उलटं वाचायचं. वळणावर वेग दुप्पट केला तर टायरकडून चौपट पकड मागितली जाते. १० टक्के जास्त वेगाला २१ टक्के जास्त पकड लागते.

त्रिज्या मोजायची कशी

समीकरणात त हवा, पण रस्त्यावर वर्तुळाचं केंद्र कुठे दिसतं? ते बहुधा कुणाच्या तरी शेतात किंवा डोंगराच्या पोटात असतं. केंद्र न शोधता त्रिज्या काढायची युक्ती जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'तही जीवा आणि शर यांवरून व्यास काढायचा नियम आहे.

वळणाच्या आतल्या कडेवर दोन बिंदू घ्या. त्यांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे जीवा, तिची लांबी ज. जीवेच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचं काटकोनातलं अंतर म्हणजे शर, तो श. केंद्रापासून जीवेच्या मध्यापर्यंतचं अंतर त − श. आता पायथागोरस:

त² = (त − श)² + (ज ÷ २)²

कंस सोडवला की त² दोन्हीकडून जातो आणि उरतं

२ × त × श = श² + ज² ÷ ४
त = ज² ÷ (८ × श) + श ÷ २

समजा जीवा २० मीटर आणि शर ५० सेंटिमीटर भरला. त = ४०० ÷ ४ + ०.२५ = १००.२५ मीटर.

रहदारीच्या रस्त्यावर टेप घेऊन उतरू नका. उपग्रह चित्रांच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते, तिथे हेच काम निवांत होतं. नकाशावर जीवा लांब घ्या, ५०-६० मीटर. कारण असं: २० मीटरच्या जीवेत शर मोजताना ५ सेंटिमीटरची चूक झाली, तर त्रिज्या ९१ ते १११ मीटरच्या मध्ये कुठेही येते. ६० मीटरच्या जीवेला शर साडेचार मीटरच्या आसपास असतो. तिथे त्याच ५ सेंटिमीटरने एक टक्क्याचाच फरक पडतो. नकाशावरची चूक ५ सेंटिमीटरहून मोठी असणार हे खरं, पण म्हणूनच लांब जीवा हवी.

वर्गमूळ इथे आपल्या मदतीला येतं. त्रिज्या ९१ धरली तर वेग ५०.४, १११ धरली तर ५५.७. त्रिज्येतली १० टक्क्यांची चूक वेगात निम्मीच उतरते.

फक्त एक पथ्य पाळा. चांगल्या रस्त्यावर सरळ भाग आणि वळण यांच्यामध्ये एक संक्रमण वक्र असतो, त्यात त्रिज्या हळूहळू कमी होत जाते. जीवेची टोकं त्या भागात गेली तर त्रिज्या खऱ्यापेक्षा मोठी येते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूला पडते. जीवा सगळ्यात घट्ट वळलेल्या भागातच बसवा.

आता खरा प्रश्न: घ किती घ्यायचा

चांगल्या टायरला कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.७ च्या आसपास घर्षणांक मिळतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरू, बर्फावर ०.१. सपाट रस्ता आणि १०० मीटर त्रिज्या घेतली तर:

कोरडा: √(१२७ × १०० × ०.७) = ९४
ओला: ७१
बर्फ: ३६

मग वर मी ०.१५ का घेतला? कारण ९४ हा घसरण्याचा वेग आहे, चालवण्याचा नव्हे. त्या वेगात टायरजवळ राखीव असं काही उरत नाही. पुढे खडी पडलेली असेल, तेल सांडलेलं असेल, समोर म्हैस आली आणि स्टिअरिंग जरा आणखी फिरवावं लागलं, की खेळ संपला. रस्ता आखणारे म्हणून मुळात पकड संपण्याचा आकडा घेतच नाहीत. आत बसलेल्या माणसाला बाजूला झुकल्यासारखं होऊन अस्वस्थ वाटू लागतं, त्याच्या आसपासचा आकडा घेतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत तो ०.१५ आहे. अमेरिकी मानकांत तो वेगाप्रमाणे उतरत जातो: ताशी ५० ला ०.१९, ६० ला ०.१७, ८० ला ०.१४, १०० ला ०.१२.

हा दुसरा प्रकार बीजगणिताच्या दृष्टीने गमतीचा आहे. वेग काढायला घ हवा आणि घ ठरवायला वेग हवा. अशा वेळी अंदाजाने सुरुवात करून फेऱ्या मारायच्या. त = १००, उ = ०.०७ च ठेवू. घ = ०.१९ घेतला की क = ५७.५. पण ५७.५ ला घ, ५० आणि ६० च्या आकड्यांच्या मधला धरून, ०.१७५ असतो. तो घालून क = ५५.८. त्या वेगाला घ ०.१७८. तो घातला की ५६.१. आकडा हलायचा थांबला, उत्तर ५६.

कुणी नुसताच 'सुरक्षित वेग' सांगितला तर घ किती धरला हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. १०० मीटरच्या त्याच सपाट वळणाला घ ०.१५ धरून ४४ ही म्हणता येतं आणि ०.७ धरून ९४ ही. दोन्ही गणितं बरोबर आहेत.

वळणावर ब्रेक दाबला तर

टायरची पकड एकच असते. ती वळायला वापरा किंवा थांबायला, वेगळं खातं नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर

(वळण्यासाठीचा वाटा)² + (ब्रेकसाठीचा वाटा)² ≤ घ²

ओल्या रस्त्यावर घ = ०.४ आणि वळण्यात ०.३ खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी √(०.१६ − ०.०९) = ०.२६ उरतो. वळण्यात ०.३८ खर्च झाला तर उरतो फक्त ०.१२. वेग वळणात शिरण्याआधी कमी करा असं ड्रायव्हिंग शिकवणारे बजावतात, त्याचं कारण या वजाबाकीत आहे.

उंच गाड्यांचं वेगळं

घसरण्यात वस्तुमान उडून जातं, उलटण्यात मात्र उंची राहते. चाकांमधलं आडवं अंतर र आणि गुरुत्वमध्याची उंची ऊ असेल, तर सपाट रस्त्यावर गाडी उलटायच्या काठावर येते तेव्हा

व² = ग × त × र ÷ (२ × ऊ)

म्हणजे घ च्या जागी र ÷ (२ × ऊ) येतो. उंच माल भरलेल्या ट्रकचे र = २ मीटर आणि ऊ = २.५ मीटर धरा. गुणोत्तर ०.४. १०० मीटरच्या वळणावर तो ताशी ७१ ला उलटायला लागतो, तर कोरड्या रस्त्यावर घसरायला त्याला ९४ लागले असते. म्हणजे घसरून सूचना मिळायच्या आधीच तो आडवा होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, माल सरकतो आणि हा आकडा आणखी खाली येतो. साध्या मोटारीचं हे गुणोत्तर १ च्या वर असतं, म्हणून ती सपाट रस्त्यावर सहसा आधी घसरते.

उ उणे असतो तेव्हा

पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून सरळ रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवतात. वळणावरही तसाच ठेवला तर आतल्या लेनला उतार मदत करतो आणि बाहेरच्या लेनला उलटा पडतो. उतार ०.०२५, घ = ०.१५, त्रिज्या १०० घ्या.

आतली लेन: √(१२७०० × ०.१७५) = ४७
बाहेरची लेन: √(१२७०० × ०.१२५) = ३९.८

एकच वळण, जाताना वेगळं, येताना वेगळं. बाहेरच्या लेनची त्रिज्या तीन-साडेतीन मीटरने जास्त असते, पण त्याने आकडा अर्ध्या-पाऊण किलोमीटरनेच वाढतो. जाताना सहज घेतलेलं वळण परतताना अंगावर येतं, त्याचं हे एक कारण.

दिसतं किती, तेही मोजायला हवं

इथपर्यंत रस्ता मोकळा आहे असं धरलं. आता आतल्या बाजूला झुडपांची रांग आहे असं समजा, लेनच्या मध्यरेषेपासून ४ मीटरवर. गाडी वळण धरून राहील, पण पुढे काय आहे ते वेळेत दिसेल का? चालकाची नजर म्हणजे पुन्हा जीवाच, आणि झुडपांपर्यंतचं अंतर म्हणजे शर. मघाचंच सूत्र, लहानसं श ÷ २ सोडून आणि ज एकटा करून:

ज = √(८ × त × श) = √(८ × १०० × ४) = ५६.६ मीटर

थांबायला लागणारं अंतर म्हणजे भानावर येईपर्यंत कापलेलं आणि ब्रेक लागल्यावर कापलेलं, यांची बेरीज. प्रतिक्रियेला २.५ सेकंद आणि ब्रेकच्या घर्षणाला ०.३५ धरला तर

०.६९४ × क + क² ÷ ८८.९ = ५६.६

८८.९ ने गुणून सगळं एका बाजूला आणलं की

क² + ६१.७ × क − ५०२९ = ०

वर्गसमीकरणाचं सूत्र लावून धन मूळ घेतलं की क = ४६.५. उणं मूळ सोडून द्यायचं, उलट्या दिशेने जाणाऱ्या गाडीचा प्रश्न इथे नाही.

म्हणजे पकड ५२.९ ला परवानगी देते, पण नजर ४६.५ च्या पुढे जाऊ देत नाही. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. पाटी ४५ ची लागेल.

आता श = ६ घालून पाहा. ज = ६९.३ मीटर, समीकरण क² + ६१.७ × क − ६१५९ = ०, आणि क = ५३.५. झुडपं दोन मीटर मागे छाटली की नजरेची मर्यादा पकडीच्या मर्यादेपाशी येऊन पोचते आणि पाटीवर ५० लिहिता येतात, डांबराचं एक घमेलंही न टाकता.